टेम्पोत न बसलेली भिंत

टेम्पोत सगळं बसलं. लोखंडी कपाट, गाद्या, माझा कॉम्प्युटर, माझ्या बायकोच्या, मनीषाच्या पुस्तकांची खोकी, आणि आईने अगदी शेवटी कोंबलेला केळीच्या वेफर्सचा डबा. बसली नाही ती फक्त भिंत.

जुई, आमची लेक, तेव्हा पाच वर्षांची होती. असोद्याच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर तिने पोळ्याच्या उरलेल्या गेरूने एक बैल काढला होता. बैलाला पाच पाय होते. पाचवा पाय म्हणजे शेपटी, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायची आणि पटल्याशिवाय सोडायची नाही. निघायच्या दिवशी तिने त्या बैलाला दोन्ही हात टेकवले आणि भोकाड पसरलं. भिंत घेतल्याशिवाय ती येणार नव्हती. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. शेवटी आई पुढे झाली, पदराने तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "रडू नको बाई. भिंत मी मांगून पाठोते." पोर निमूट टेम्पोत चढली. आम्ही सगळे हसलो. आई हसली नव्हती, पण तेव्हा तिकडे लक्ष कोण देतो?

गावातली पोरं पुण्याला गेली, दुबईला गेली, एक तर थेट कॅनडात बर्फ उपसतोय. आम्ही कुठे गेलो, तर धुळ्याला! मनीषाला तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली आणि माझं फ्लेक्सच्या डिझाइनचं काम काय, कुठूनही होतं. पारोळ्याला चहा घेतला तरी तीन तासांत माणूस पोचतो. एवढ्याशा अंतराला स्थलांतर म्हणायची मला लाजच वाटायची. पण लांब गेलेल्या मित्रांनो, खरं सांगतो, रात्री उठून पाणी प्यायला जाताना हात चुकीच्या भिंतीवर बटण शोधतो ना, तिथे धुळं आणि कॅनडा सारखंच.

धुळ्यात देवपूर भागात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली घरमालकीण अक्का एकट्याच राहायच्या; त्यांची मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. अक्कांची अट एकच होती: रंग नवा आहे, भिंतीला खिळा नको आणि पोरीच्या हातात खडू नको. पोरीने खडू हातात धरलाच नाही. चित्रकलेची वही आणली, रंगपेट्या आणल्या, ती ढुंकून बघेना. विचारलं की म्हणायची, "भिंत आली की काढीन." रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला की गॅलरीत धावायची आणि टेम्पो पुढे गेला की गुपचूप आत यायची. मला वाटलं होतं, आठ दिवसांत विसरेल. महिना झाला तरी विसरली नाही. जी पोर हाताला लागेल त्यावर रेघोट्या मारायची, तिचा हातच आपण गावाला ठेवून आलो की काय, असं वाटायला लागलं.

मी माझ्या धंद्याची अक्कल चालवली. असोद्याहून भिंतीचा फोटो मागवला, त्यातले डाग पुसले, बैल चांगला सहा फुटी करून फ्लेक्सवर छापून आणला. जुईने हात फिरवला, नाक लावून वास घेतला आणि सांगितलं, "बाबा, ही निवडणूक आहे." मनीषा तोंडात पदर कोंबून आत पळाली. तो फ्लेक्स पुढे पावसाळ्यात स्कूटरवर झाकायला कामी आला.

कोंडी फोडली ती अक्कांनी, आणि तीही नकळत. एकदा शेजारणीने जुईकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? अक्कांनी तिला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "हाई मनी आंडेर शे." अहिराणीत मनी आंडेर म्हणजे माझी लेक. पण आमच्या असोद्याकडची बोली वेगळी, जुईला हा शब्द कुठला माहीत असायला? ती धावत वर आली, वही काढली आणि खाली मान घालून कितीतरी वेळ चित्र काढत बसली. कागदभर एक भलंमोठं अंडं होतं. अंड्यात दोन वेण्यांची जुई, शेजारी चष्मा लावलेल्या लठ्ठ अक्का. "अक्का म्हणाल्या, मी त्यांचं अंडं आहे," तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

अक्कांना चित्र दाखवलं तर त्या हसून हसून खोकायला लागल्या. "माले बी अंडामा बसाडी दिधं!" मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मी ते चित्र गोल प्लायवर चिकटवलं, वरून वॉर्निशचे हात दिले आणि नावाच्या पाटीच्या जागी दाराला लावलं. खिळा अक्कांनी स्वतः आणून दिला.

दिवाळीला आई आली. हातात मोठं गाठोडं होतं. दारातच थबकली आणि पाटीकडे बघत राहिली. "व माय! अंडं काय लावलं दाराले?" मी आंडेरची गंमत सांगितली. ती हसली खरी, पण पुन्हा वाकून चित्र न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "याच्यात मी कुठी हाये व बाई?"

जुईला त्यात काही अडचण दिसलीच नाही. "तू भिंत आणायला थांबली होतीस ना, आजी!"

आईने गाठोडं सोडलं. आत गोधडी होती. तिने आपलं जुनं, विरलेलं लुगडं भिंतीवर ताणून धरलं होतं, खालून दिसणारा बैल कोळशाने उतरवून घेतला होता आणि गेरूच्या रंगाच्या दोऱ्याने टाका टाका भरला होता. पाचवा पायसुद्धा. जुईने गोधडीत तोंड खुपसलं. वास घेतला असावा. मग मान वर करून म्हणाली, "आली भिंत." माझी आई, जिला मी टेम्पो निघताना रडलेलं पाहिलं नव्हतं, ती त्या नव्या रंगाच्या खोलीत ढसाढसा रडली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि अक्का गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. एकीची बोली दुसरीला अर्धीच कळत होती, तरी दोघींचं तोंड बंद नव्हतं. जुईच्या हुकुमावरून त्यांनी बैलाभोवती एक मोठं अंडं टाचलं आणि त्यात आईला बसवलं.

बरीच वर्षं झाली, आता आमच्याकडे जुईने चित्र काढलेला दिवा आहे, उशीचे अभ्रे आहेत, दारावर मण्यांचं तोरण आहे. असोद्याची ती भिंत यंदा पोपडे निघाले म्हणून आईने चुन्याने पांढरी केली. मला गलबलून आलं. जुई म्हणाली, "असू दे बाबा, ती आपल्याकडे आहे."

परवा असोद्याहून निघालो. इतकी वर्षं स्टँडवर आईचं एकच वाक्य असायचं, "धुयाले पोचला का फोन कर," म्हणजे धुळ्याला पोचलास की फोन कर. यंदाही ती खिडकीशी आली, जुईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरी पोचला का फोन कर."

तिच्या तोंडून ते 'घरी' किती सहज निघालं. बस पारोळ्याला पोचेपर्यंत मी ते मनात घोळवत होतो. बरंही वाटत होतं आणि काहीतरी हातातून सुटल्यासारखंही. मग घरी पोचलो आणि आईला फोन केला.