डायरेक्ट विमान

“आता डायरेक्ट विमान सुरू होतंय म्हणे, तुमच्या लेकाला सबबच उरली नाही!” शेजारच्या काकू दारातूनच आईला म्हणाल्या. डोंबिवलीच्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात आई चकलीची भाजणी भाजत होती. तो खमंग वास आला की अजूनही ती दुपार आठवते. परदेशातला दादा दर दिवाळीला म्हणायचा, “छोटीला घेऊन मध्ये विमान बदलायचं म्हणजे हाल गं आई, डायरेक्ट असतं तर आलोच असतो.” आईचा त्यावर पूर्ण विश्वास होता. त्या सकाळी मी त्याला फोनवर ही बातमी सांगितली. तो इंग्रजीत म्हणाला, आम्ही इथेच घर घेतोय, यंदाही जमणार नाही, आईला तूच सांग. तेव्हापासून मी मनात मराठी शब्द जुळवत होते. “विमान कंपनी उगाच कशाला सुरू करेल?” आई भाजणी ढवळत म्हणाली. “इतक्या पोरांना घरी यायचं असणार, म्हणूनच ना गं?” काकूही माझ्याकडे बघायला लागल्या. मी गॅस बारीक केला आणि एवढंच म्हणाले, “आई, इथून तिकडे जाणारे वाढलेत, म्हणून.”