नावाच्या जागी वाजलेलं व्हायोलिन

चर्चमध्ये गाणं-व्हायोलिन शिकवणाऱ्या इनास मास्तरांची आणि माझी पहिली भेट वेंगुर्ल्याच्या बंदरावर, माझ्या माशांच्या पाटीसमोर झाली. हातातला बांगडा ते कानाशी धरतात की काय, असं मला वाटलं. मी म्हटलं, "मास्तरानू, तो वाजूचो नाय. घेवचो आसलो तर घेवा." मास्तर हसले आणि नेमका नरम पडलेला बांगडा घेऊन गेले. संगीत सोडून त्यांना काही कळत नाही. पंचाहत्तरी आली तरी फरक नाही.

मला अक्षर येत नाही, मास्तरांच्या पंचाहत्तरीसाठी हे नात लिहून घेते आहे.

मागे तिकडे, दूर परदेशातल्या समुद्रात लढाई पेटली. माझा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी. त्याचं आणि गावच्या आणखी चार खलाशांचं जहाज तिथेच अडकलं, फोन बंद झाला. मास्तरांनी चर्चमध्ये प्रार्थना बसवली. चार व्हायोलिनं आणि गावातले वीसेक गळे. आम्हा मासेवाल्या बायकांनाही बोलावलं.

"देव तुमचो आणि गळो आमचो?" मी विचारलं.

"पारूबाय, भय एकच आसा," मास्तर म्हणाले.

तालमीत ते अडकलेल्या खलाशांची नावं एकेक करून गाऊन घेत होते. माझ्या मुलाचं नाव आलं आणि मी उठून बाहेर गेले. आमच्या घरात दर्यावर असलेल्याचं नाव तो परत येईस्तोवर कोणी मोठ्याने घेत नाही. पायरीवरून ओरडले, "माज्या झिलाक हाक मारू नकात!" दुसरा कोणी माझी समजूत घालायला आला असता. मास्तरांनी माझी माफी मागितली आणि महिनाभर खपून केलेली नावांची ती ओळ खोडून टाकली.

प्रार्थनेच्या दिवशी नावांच्या जागी आम्ही सगळे गप्प राहिलो. एका नावाला एक सूर, तोही मास्तरांच्या एकट्याच्या व्हायोलिनचा. मी बोटांवर मोजत होते. गावचे खलाशी पाच, सूर सहा.

"मास्तरानू, चुकलास?"

"नाय गो. सहावो तिकडच्या खंयच्या तरी आवशीच्या झिलाचो."

त्या आईची मला आठवणही झाली नव्हती. त्या दिवशी मी आणखी थट्टा केली नाही.

आमचे पाचही परतले. माझा दिनेश आला. बघा, आता नाव घेतलं. लढाई मात्र थांबलेली नाही. दर रविवारी मास्तर तो सहावा सूर वाजवतात.

मास्तरांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो. तो सहावा घरी पोचेस्तोवर त्यांनी व्हायोलिन खाली ठेवायचं नाही. बांगडे मी निवडून पाठवीन.