डोक्यावर ठेवलेला पाय

शैलाकाकूंचं नाव आधी घेते. सातवीत शाळा सुटलेल्या मला नागपूरहून अमेरिकेत, नेपरव्हिलला त्यांनी आणलं. शेजारच्या रशियन आजोबांना सांभाळायचं काम त्यांनीच स्वतःचा शब्द टाकून मिळवून दिलं. आता जे सांगते ते काकूंनाही माहीत नाही. कुणालाच नाही.

आजोबा महायुद्धात रणगाड्याचे कमांडर होते. कोटावर इतकी पदकं, की पुसायला घेतला तर हात भरून यायचे. माझी भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची मला. एवढा मोठा माणूस — माझ्या हातून काही चुकलं तर? ही धास्ती रोजची.

एका दुपारी टीव्हीवर इराकमधले रणगाडे चालले होते. आजोबा खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बघत होते, मी खाली बसून त्यांच्या एका पायात मोजा घालत होते. तर त्यांनी दुसरा पाय उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

आपल्यात चुकून पाय लागला तरी माणूस नमस्कार करतो. आणि हे — डोक्यावर? हळूच ठेवला होता, ते मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी तो पाय धरून ढकलला. जोरात.

आजोबा खाली पडले. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांची मुलगी धावत आली. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "स्लिप झाले." तिनं त्यांना रशियनमध्ये विचारलं. मी तिथंच उभी — आता पोलीस, आता परतीचं विमान. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू काहीतरी बोलले. मुलीनं माझाच हात धरला. चूक स्वतःचीच, असं ते म्हणाले, तिनं मला सांगितलं.

दोन महिन्यांत ते गेले.

अंत्यविधीला मुलगी त्यांच्याबद्दल बोलली, काकू माझ्या कानात मराठीत सांगत होत्या. विसाव्या वर्षी कमांडर. तीन रणगाडे जळाले, तिन्ही वेळा आतल्या पोरांना ओढून बाहेर काढलं. "आत इतका आवाज गं, की हुकूम ऐकूच जायचा नाही. म्हणून खाली बसलेल्या ड्रायव्हरला पायानं सांगायचे. डाव्या खांद्यावर पाय, डावीकडे वळ. उजव्यावर, उजवीकडे. डोक्यावर ठेवला की — थांब."

त्यांच्या टाचेवर जुना भाजल्याचा व्रण होता. मी त्यावरून मोजा ओढत होते.

काकूंनी विचारलं, "रडतेस का गं?" आजोबांची आठवण येते, मी म्हणाले. तेही खोटंच. खरं कळेल या भीतीनं रडत होते मी.

काकू, तुमचे उपकार मी फेडीन. सुरुवात हे सांगूनच करीन — तुमच्यासमोर, त्या मुलीसमोर. भीती जायची वाट बघणार नाही.