बंदूक भरणाऱ्याशी बोलू नये

नेमबाजीच्या मैदानावर म्हातारीला टेकायला एक खुर्ची नाही! म्हणून मी नातीच्या मागं जाऊन उभी राहिले, आणि तिथंच घात झाला. असो, नमस्कार मंडळी.

आज सकाळी प्राजू मला हौसेनं तळोज्याकडं घेऊन गेली. ठासणीची बंदूक, गावी आमच्या ह्यांच्याकडं होती तशीच. नळीत आधी दारू, मग छर्रे, गजानं ठासायचं, आणि हवेत उडवलेली मातीची तबकडी फोडायची. शेवटची तबकडी फुटली की पोरगी संघात.

ती बंदूक भरत होती आणि मी मागनं बोलले, "अगं उरक की! एवढ्यात तुझा आजा दोन डुकरं पाडून चहाला यायचा."

सगळे हसले. तीही हसली, आणि दारू न घालताच छर्रे ठासले.

खटका ओढला, पण बार उडालाच नाही. तबकडी अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली.

रिक्षात एवढंच म्हणाली, "आजी, तुला दाखवायला नेलं होतं गं."

भांडली असती तर बरं झालं असतं. आता दार लावून बसलीय, जेवलीपण नाही.

आपल्याच माणसाचं असं वाटोळं करून परत त्याच्याशी पहिला शब्द काय बोललात, ते सांगा. ज्यांनी केलंय त्यांनीच. हात जोडलेली चित्रं पाठवणाऱ्यांनी गप बसायचं.