एकदम ठीक, सर!

आमच्या ऑफिसात किस्से साठवावे लागत नाहीत. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात नवे जमलेले असतात. भोरमधलं माजी सैनिकांचं मदत केंद्र म्हणजे एक खोली, दोन टेबलं, निवृत्त सुभेदार काका आणि मी. जखमी होऊन घरी आलेल्या फौजींना लष्कराच्या हॉस्पिटलात कुठल्या खिडकीवर जायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, हे समजावणं आमचं काम. मी बी.कॉम., आणि पाल चुकचुकली तरी दचकणारी. मला या नोकरीवर कसं घेतलं, देव जाणे!

पहिल्याच दिवशी काकांनी दारातून "जय हिंद!" ठोकला आणि माझ्या हातातला चहा माझ्याच ओढणीवर. पुढे दचकणं गेलं नाही, पण उत्तर मात्र तोंडात बसलं. एकदा घरी दूधवाल्याने जोरात बेल वाजवली. मी दार उघडून ताठ उभी. "जय हिंद!"

तो बिचारा कॅन खाली ठेवून माझ्यापेक्षा ताठ!

आई आतून म्हणाली, "झेंडावंदन झालं असेल तर दूध घे."

*

गुंजवण्याचे हवालदार किसनदादा. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेला कृत्रिम पाय आता ढिला झालाय, घासून घासून जखमा होतात. भातलावणीच्या आत नवा पाय मंजूर झाला नाही, तर यंदाही बांधावर बसून एकट्या बायकोला चिखलात वाकलेलं बघायचं. दादांना तेवढंच नको होतं.

त्यांना घेऊन पुण्याला निघाले. भोर स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपली रीत. मी गर्दीतून कशीबशी वर चढले, तर सीटवर एक पाय! मोज्यासकट, बुटासकट! मी किंचाळले. मला बघून कंडक्टर किंचाळला. खाली दादा खिडकीचा गज धरून एका पायावर शांत उभे.

"अहो दादा, रुमाल टाकायचा ना!"

"रुमाल उचलून फेकत्यात वो म्याडम. पाय उचलायची कुणाची छाती हाय?"

*

हॉस्पिटलात डॉक्टर होते कर्नलसाहेब. मी दाराबाहेर, कान आत.

"कैसे हो, हवालदार?"

दादा खाड्कन सावधान. "एकदम ठीक, सर!"

"चलने में दिक्कत?"

"नहीं, सर!"

"दर्द?"

"नहीं, सर!"

कर्नलसाहेबांनी जे ऐकलं ते लिहिलं. नवा पाय राहिला बाजूलाच! मी जवळजवळ रडकुंडीला. "दादा, जखम दाखवायची होती ना!"

"अवो, सायबापुढं रडगाणं गायचं व्हय?" दादा म्हणाले आणि लंगडत लंगडत एसटीकडे निघाले.

*

काका भडकले. "रिहर्सल!" म्हणाले.

काका डॉक्टर झाले. खुर्चीत बसून नुसता घसा खाकरला, तर दादा उभे. "एकदम ठीक, सर!"

तीनदा तेच. शेवटी काका म्हणाले, "ही पोरगी होऊ दे डॉक्टर. हिच्यापुढं कोण सावधान होतंय?"

मी चष्मा सावरला. आवाज काही सावरेना. "क... काय त्रास होतोय?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घाबरू नगा म्याडम. मला कायबी झालेलं न्हाई!"

*

धडपड करून दुसरी तारीख मिळवली, अगदी लावणीच्या तोंडावरची. मी फोनवर बजावलं, "सोबत एक माणूस आणा." एक!

हॉस्पिटलच्या गेटवर टेम्पो येऊन थांबला. निम्मं गुंजवणे, वर वाटेत मार्गासनीला चढलेले पाहुणे, मांडीवर डबे.

गेटवरच्या जवानाने विचारलं, "पेशंट के साथ कौन है?"

अख्ख्या टेम्पोने हात वर केले!

त्याने कपाळ पुसलं. "अच्छा, पेशंट कौन है?"

एकही हात वर नाही. शेवटी दादांच्या बायकोने, मंगलवहिनींनी, दादांचा हात धरून वर केला.

*

आत आम्ही तिघंच. या वेळी डॉक्टर होत्या एक कॅप्टन मॅडम, आपल्याच, मराठी बोलणाऱ्या.

"काय त्रास होतोय, हवालदार?"

"एकदम ठीक, मॅडम सर!"

वहिनींनी मात्र पदर खोचला. "बाई, ह्यांना सवताचं सांगाया येत न्हाई. पल्टनीत हाताखालच्या पोरांचं मातर समदं सांगायचे. तुमी त्या पायाचं इचारा!"

कॅप्टन मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि असा आवाज चढवला की मी भिंतीलाच चिकटले. "हवालदार! हा पाय तुमच्या हाताखाली आहे. रिपोर्ट द्या!"

दादा आणखी ताठ.

"मॅडम सर! जवान जुना हाय, इमानी हाय. पन ढिला पडलाय! चिखलात उतरला की मागं ऱ्हातो. सोबत्याला रगात येस्तवर घासतो, रातीचं झोपू देत न्हाई. दोन लावण्या गैरहजर! त्याला मानानं रिटायर करावा आन् जागी नवी भरती द्यावी, मॅडम सर!"

"मंजूर."

कॅप्टन मॅडमनी खरंच लिहिलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

दादा खुर्चीत बसले, पट्टे सोडले. पाय काढून टेबलाशी उभा केला, मोजा नीट वर ओढला, बुटावरची धूळ बाहीने पुसली. आणि परेडच्या खड्या आवाजात त्याला हुकूम सोडला, "विश्राम!"

बाहेर व्हरांड्यात ताटकळलेल्या फौजींचे बूट, चपला, कुबड्या, सगळं एकदम खाड्कन वाजलं.