वाऱ्याचा डोळा
काकवीचा वास आला की नव्वदच्या दशकातली एक हिवाळी संध्याकाळ आठवते. पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळांचा गोड वास खिडकीतून घरात तरंगत होता. मांडीवरच्या शब्दकोशातून मान वर करून बायको म्हणाली, “अहो, विंडो म्हंजे मुळात वाऱ्याचा डोळा. युरोपात उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांचा शब्द हाय.” मी हसलो. “खिडकीला कसला डोळा? चहा टाक.” पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या संमेलनात मी ते माझं म्हणून सांगितलं. “कुठनं शोधता ओ सर?” पोरांनी विचारलं. “वाचावं लागतं,” मी म्हणालो. पहिल्या रांगेत बसून तीही टाळ्या वाजवत होती. घरी येताना एवढंच म्हणाली, “टाळ्या झकास पडल्या की, सर!” आता ती नाही. जुने विद्यार्थी अजून रस्त्यात थांबवून माझ्या त्या शब्दाचं कौतुक करतात. तो तिने शोधला होता, मी नाही.