कायतानची टाळी

सहा आठवड्यांपूर्वी लीनाने, कायतानच्या मुलीने, डिचोलीहून फोन केला. बाप गेल्याचे तिने सांगितले. मी "बरं" म्हणालो.

कायतान खाणीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होता. व्हायोलिन इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत शिकलेला. मी मराठीचा शिक्षक. आमच्या देवळातील संगीत नाटकांना तो वर्षानुवर्षे साथ करी. पुढे राजभाषेच्या वादाने गोवा दुभंगला. मी मराठीच्या व्यासपीठावर बोललो, तो कोकणीच्या मोर्चात चालला. त्या वर्षी जत्रेच्या नाटकाला मी त्याला बोलावले नाही. तोही आला नाही. अबोला लांबला. मात्र पणजीत येणाऱ्या युरोपीय वाद्यवृंदाची दोन तिकिटे त्याने वादाआधीच आणली होती आणि एक माझ्याकडे होते. न जाणे म्हणजे मैत्री संपली असे जाहीर करणे. गेलो. तो शेजारच्या खुर्चीत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन सिम्फनी होती. पहिला भाग शिगेला पोहोचून थांबला आणि मंडपात जागच्या जागी दाद देण्याची सवय असलेला मी मनापासून टाळ्या वाजवू लागलो. दुसरी टाळी नव्हती. सगळे भाग संपेपर्यंत तिथे टाळी वाजवायची नसते, हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या रांगेतील माना वळल्या. मी हात आवरणार, तोच शेजारून दणदणीत टाळ्या सुरू झाल्या...

मध्यंतरात मी विचारले, "तुला नियम ठाऊक नव्हता?"

"आशिल्लो." म्हणजे होता.

"मग?"

"तूं एकटोच पडलो रे मास्तर! मराठीची चूक कोकणीन सांबाळ्ळी, अशें सांग आतां तुज्या सभेंत."

मी हसलो. सभेत सांगितले नाही. मते दोघांचीही बदलली नाहीत. गोवा राज्य झाले, वाद चालू राहिले. पुढच्या जत्रेला मात्र त्याचे व्हायोलिन मंडपात वाजले.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. लीना ओसरीवर त्याचेच व्हायोलिन जुळवीत होती. हनुवटी टेकून टेकून त्या जागचे पॉलिश उडाले आहे.

"सर, पप्पान तुमच्या नाटकाचीं पदां म्हाका शिकयल्यांत. जात्रेक हांव साथ करूं?"

"पदे मराठी आहेत."

"म्हाका खबर आसा."

"सोमवारी तालीम आहे," मी म्हणालो. "वेळेवर ये."